वळिवड्याहून शिकागोला आलेला तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा. झाकण फिरवून घट्ट बसवलं की प्रवासात माझ्यातून पाण्याचा थेंब सांडत नाही. सध्या मी शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, एका स्वयंपाकघरात राहतो आणि माझ्यात लाकडी चमचे उभे असतात. पाण्याच्या भांड्यात चमचे. पण मित्रांनो, माझा राग त्याचा नाही. माझा राग वेगळा आहे, तो सांगतो.

मला कोल्हापुरात एका तांबटाने घडवलं. त्या काळी जवळच वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी होती. युद्धाने त्यांना घरातून उखडलं आणि रशिया, इराण करत ती माणसं तिथे येऊन पोहोचली. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांत एक आई होती. तिचा नवरा फौजेत गेला तो परत आला नाही. पदरी दोन मुली, थोरली हालिना आणि धाकटी झोफिया. आडनाव व्होल्स्का.

हालिना वयात आली आणि छावणीच्या दवाखान्यात औषधं देणाऱ्या दिगंबर हेरवाडकरशी तिने लग्न केलं. आईच्या मनाविरुद्ध. आईने त्या दिवसापासून तिचं नाव घरात काढू दिलं नाही. पाच वर्षांच्या झोफियाला तर कुणी काही सांगितलंच नाही.

सासरी मात्र हालिनाला नवं नाव मिळालं. तेव्हाची रीत होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं. हालिनाची संध्या झाली. मग भांड्यांवर नाव घालणारा आला. त्याने ठिपके ठोकत माझ्या पोटावर लिहिलं : सौ. संध्या दिगंबर हेरवाडकर. तिला मराठी अक्षरं येत नव्हती. दिगंबरने तिचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. तेव्हा ती हसली होती. माझ्या साऱ्या आयुष्यात मला तसं कुणी वाचलं नाही.

छावणी मोडली तेव्हा हालिना मला पाण्याने भरून स्टेशनवर आली. आईने तोंड फिरवलं. झोफिया तापाने फणफणली होती. हालिनाने खिडकीतून मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि गाडी सुटली. बोटीवर पोरगी शुद्धीवर आली आणि तिने विचारलं, हालिना कुठे आहे? आई म्हणाली, हरवली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, मग शिकागोला आल्या, पण आईने मरेपर्यंत दुसरा शब्द काढला नाही.

झोफिया मोठी झाली, नर्स झाली, लग्न करून झोफिया नोविकी झाली. पण तिच्या मनात एकच काटा. बहीण हरवली, की मला सोडून गेली? तिने जगभर पत्रं पाठवली. प्रत्येकाने विचारलं, नाव काय? ती लिहायची, हालिना व्होल्स्का. उत्तर यायचं, अशी कोणी आढळत नाही. कशी आढळेल? नाव माझ्या पोटावर होतं आणि मी कपाटावर होतो. झोफियाची मुलगी तेरेसा मला दर नाताळात घासायची आणि पाहुण्यांना दाखवायची, ही बघा, काय सुंदर वेलबुट्टी आहे. माझ्या मालकिणीचं नाव म्हणजे वेलबुट्टी. पुढे तेरेसाने आईची थुंकी नळीत भरून नातलग शोधणाऱ्या एका कंपनीला पाठवली. त्यातून पोलंडमधले काही लांबचे भाऊ निघाले. त्यांनी फक्त शिकागोत किती थंडी असते एवढंच विचारलं.

मग खालच्या मजल्यावर शशिकांतकाका राहायला आले. रिटायर्ड इंजिनियर, मूळचे पुण्याचे. शैलजाकाकू तेव्हा आईच्या आजारपणासाठी भारतात होत्या. झोफियाने बहिणीची हकिकत सांगून मला काकांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि माझ्यावरचं नाव मोठ्याने, स्वच्छ वाचलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

काका म्हणाले, "हे आमच्याकडच्या बाईचं नाव आहे, झोफिया. संध्या. एकदम मराठी. तांब्या कुणीतरी तुम्हाला दिला असेल. तुमच्या बहिणीशी याचा काही संबंध नाही."

इतकं बरोबर वाचून इतकं चुकता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. झोफियाने त्यांचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी माझ्यात चमचे आले.

त्यानंतर सहा वर्षं गेली. मग एके दुपारी शैलजाकाकू शिऱ्याची वाटी घेऊन वर आल्या. चमचा घ्यायला हात घातला आणि त्यांचं लक्ष माझ्यावर गेलं. झोफियाने आपली कथा सांगितली. काकूंनी काकांना वर बोलावलं. काका दारातूनच म्हणाले, "अगं, ते मी केव्हाच चेक केलंय. क्लोज्ड मॅटर."

"माझं माहेरचं नाव काय होतं हो?" काकूंनी विचारलं.

"करंदीकर. हे काय विचारणं झालं?"

"ते आडनाव. मी नाव विचारतेय."

काका छताकडे बघू लागले.

"कुमुद," काकू म्हणाल्या. "चोवीस वर्षं मी कुमुद होते. तुम्हीच तांदळात शैलजा लिहिलंत. उद्या माझी शाळेतली मैत्रीण कुमुदला शोधत आली, तर तिलाही सांगाल, संबंध नाही म्हणून?"

मग त्यांनी झोफियाला इंग्रजीत सगळं समजावलं. ती टेबलाची कड धरून उभी होती. काकांनी मान खाली घातली आणि कोल्हापुरातल्या ओळखीच्यांना फोन लावायला सुरुवात केली. आठवडाभरात पत्ता लागला. हालिनाची मुलगी नेत्रा. कुठे राहते? फ्रीमाँटला. याच देशात, गेली तीस वर्षं.

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. नेत्राने आधी सांगितलं ते वाईटच होतं. आई चार वर्षांपूर्वी गेली, कोल्हापुरातच. म्हणजे काकांनी मला वाचलं त्या दिवशी हालिना जिवंत होती. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले.

झोफियाने एवढंच विचारलं, "तिने मला शोधलं का?"

"सतत," नेत्रा म्हणाली. "म्हातारपणी तर मला रोज फोन. आज सर्च केलंस का? मी इथे बसून झोफिया व्होल्स्का टाइप करायचे. कधीच काही यायचं नाही."

कसं येणार? ती बाई नोविकी झाली होती. दोघी बहिणी एकमेकींना लहानपणच्या नावाने शोधत राहिल्या आणि त्या नावाची बाई दोन्हीकडे उरली नव्हती. सांगा, मी संतापू नको तर काय करू?

शेवटी नेत्रा म्हणाली, "मी पुढच्या आठवड्यात येते, मावशी."

झोफियाने काकूंकडे पाहिलं. हा शब्द तिला नवा होता. काकूंनी अर्थ सांगितला. तो ऐकल्यावर ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ रडली.

मित्रांनो, जुनं भांडं मोडीत देऊ नका, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मी वेगळं सांगतो. तुमच्या आजीला, आईला, मावशीला विचारा, लग्नाआधी तुझं नाव काय होतं? तुला त्या नावाने कोण हाक मारायचं, आणि ती माणसं आता कुठे आहेत? आजच विचारा, फोन लावा. पितळ शंभर वर्षं थांबतं. हालिना थांबू शकली नाही.