न हलवलेली डिश

माझं डोकं फिरलं की मी भांडी घासते. प्रयोगशाळेत भांड्यांना तोटा नाही, म्हणूनच माझी नोकरी अठरा वर्षं टिकली असावी.

मी मेंदूच्या मूळ पेशी वाढवते. पुढे कोण व्हायचं हे ज्यांचं अजून ठरलेलं नाही, अशा या पेशी. डिशमधल्या गुलाबी पाण्यात त्या तरंगतात, वाढतात आणि एकमेकींना धरून खसखशीहून बारीक गोळे करतात. आमच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे सरदार म्हणतो. सरदारांच्या औषधाने हे गोळे दुप्पट मोठे होत होते आणि सरदारांना आकाश ठेंगणं झालं होतं. आता ते औषध मुलांना द्यायचं होतं, पोटात असतानाच ज्यांच्या मेंदूची वाढ खुंटली अशा मुलांना. सुईने, पाठीच्या कण्यातून.

पहिल्याच यादीत ठकी होती. माझ्या दादाची मुलगी. वय पाच, डोकं लहान, हसू मोठं. बोलत नाही, पण आत्या आली की दोन्ही हात पुढे करते. सोमवारी दादा संमतीच्या कागदावर सही करणार होता.

त्याच्या पंधरा दिवस आधी मला ताप आला. चार दिवसांनी परत येऊन पाहते, तर औषधाच्या नव्या डिशमधले गोळे तुलनेसाठी ठेवलेल्या, बिनऔषधाच्या साध्या डिशमधल्यांएवढेच. मी नसताना पेशींना खाणंपिणं, ऊब सगळं वेळेवर मिळालं होतं. काढायचे राहून गेले होते ते फक्त फोटो.

देणगीदारांना दाखवायला सरदारांना औषधाच्या डिशचा रोज फोटो लागायचा. ती डिश रोज मीच उचलून सूक्ष्मदर्शकाकडे न्यायची. साध्या डिशला शेवटच्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नसे. तिचं कौतुक कोणाला? नेताना पाणी हिंदकळायचं, गोळे एकमेकांना चिकटायचे, दोनाचा एक व्हायचा. वाढत काहीच नव्हतं. माझा हात कसा स्थिर, म्हणून अठरा वर्षं मिरवलं, आणि घोळ माझ्याच हाताने झाला.

मी उलटं करून पाहिलं. सहा दिवस साधी डिश फिरवली, औषधाची जागची हलवली नाही. साधीतले गोळे टम्म झाले. मग दोन्हीकडचे गोळे फोडून पेशी मोजल्या. सारख्याच. तीनदा मोजल्या.

सरदारांनी माझी वही न उघडताच बाजूला सारली. "तुम्ही डिश उचलायचं काम करा."

"तेच करत होते सर. त्यातच चूक झाली."

"तीन वर्षांचं काम तुमच्या सहा दिवसांवरून पाण्यात घालू?"

"पोरांच्या पाठीत सुया घालण्यापेक्षा बरं."

"सोमवारी तोंड उघडलंत, तर पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही."

घरी जाऊन स्वच्छ पातेली पुन्हा घासली.

सोमवारी मी तोंड उघडलं. बैठकीच्या खोलीत पाच मुलांचे आईबाप बसले होते, प्रत्येकासमोर कागद आणि पेन. दादाशेजारी वहिनी, तिच्या मांडीवर ठकी. मी उभी राहिले आणि फोटो, हिंदकळणं, मोजणी सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. सरदार म्हणाले, "बाईंची तब्येत बरी नाही." मी म्हटलं, "ताप उतरलाय सर. म्हणूनच बोलतेय."

दादा ताडकन उठला. "पाच वर्षांनी एक दार उघडलं, आणि तू ते माझ्या पोरीच्या तोंडावर आपटतेस? सख्खी आत्या ना तू तिची?"

मी खाली बसले नाही.

वहिनीने मात्र माझ्याकडे पाहिलं. "पेशी तुम्ही स्वतः मोजल्यात?"

"तीनदा."

तिने दादाच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि कागद सरदारांपुढे सरकवला. "आधी दोन्ही डिश सारख्या हलवा साहेब. मग बोलवा आम्हाला."

मागोमाग आणखी दोन कागद कोरेच परत आले.

मी फाटकाशी थांबले. ओळखपत्र दारावरच काढून घेतलं होतं. दादा ठकीला खांद्यावर टाकून माझ्यासमोरून गेला, एक शब्द न बोलता. त्याच्या खांद्यावरून ठकीने माझ्याकडे पाहून दोन्ही हात पुढे केले. नको बोलूस, दादा. जन्मभर नको बोलूस. तिच्या पाठीला सुई लागली नाही.