चौथी ‘ब’चा फोटो

साहेब, आमच्या कल्याणीबाईंना तुम्ही आजारी पाडलंत. इकडेतिकडे बघू नका, तुम्हीच.

पोरं हात धुताना फोटो, खिचडी वाढताना फोटो, रोप लावताना फोटो. तोही लगेच, तुमच्या शिक्षण खात्याच्या ग्रुपवर. विश्रांतवाडीच्या आमच्या शाळेत त्या चौथी ‘ब’ शिकवतात. मी नंदा, शेजारची ‘अ’ माझी. एके दिवशी फळ्याजवळ उभ्या मुलीचं नावच त्यांना आठवेना. स्वतः घडवलेली मुलगी! बाहेर येऊन माझ्या खांद्यावर ढसाढसा रडल्या.

डॉक्टर म्हणाले, रजा घ्या. बाई म्हणाल्या, “पोरं आत्ता कुठं वाचायला लागलीत. रजा फोनला देते.”

दुसऱ्या दिवशी घंटा होताच फोन कपाटात गेला, किल्ली माझ्या हातात आली. “नंदाताई, शाळा सुटेपर्यंत मी मागितली तरी देऊ नका.”

“आणि साहेबांनी मागितली तर?”

“चहा द्या.”

हळूहळू बाई पुन्हा हसू लागल्या. भिंतीपलीकडून वाचनाचा आवाज यायचा आणि माझी पोरं जळायची.

मग तुम्ही आलात; मीही मागोमाग दारात येऊन उभी राहिले. दारातूनच म्हणालात, “एकही फोटो नाही. म्हणजे काम शून्य.”

“काम समोर बसलंय, साहेब,” बाई म्हणाल्या. “आत तर या.”

राजनंदिनी धडा वाचत होती. दिवाळीपर्यंत तोंड न उघडणारी पोर! आणि तुम्ही मोबाईल काढलात. “पुस्तकं मिटा. उभे राहा. हसा!”

पोर गोंधळून थांबली.

“वाच गं तू,” बाई म्हणाल्या. “साहेब, कुणी वाचत असताना मध्ये बोलायचं नाही, असा या वर्गाचा नियम आहे. तिचं होईपर्यंत थांबा.”

आणि थांबलात की! मोबाईल धरलेला हात तसाच वर. राजनंदिनीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, एक शब्द गाळला नाही. दारात उभ्या उभ्या माझी छाती फुगली. टाळ्या कडाडल्या; त्या तुमच्यासाठी नव्हत्या, एवढं तरी कळलं असेल.

त्याचा राग म्हणून तुम्ही बाईंना वर्गावरून काढून कार्यालयात बसवायला निघालात. बसवा. पण आता शाळेतल्या सगळ्याच बायकांचे फोन त्या कपाटात असतात. आम्हालाही उचला मग.

फक्त एक सांगा. राजनंदिनीला बोलतं करणारी बाई काढून तिच्या जागी कोणाला उभं करणार आहात? चौथी ‘ब’समोर येऊन, मुलांच्या डोळ्यांत बघून सांगा. कधी येताय?