टिकली लावून विमानात

मित्रांनो, काडेपेटीपेक्षा चपटी अशी मी मोबाइलची सुटी बॅटरी. आता वय झाले आहे, पण मीही एकदा विमानात बसले आहे.

लाटंबार्से गावच्या वत्सलाने मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतले. लेकीशी, रेश्माशी, बोलताना फोन मध्येच बंद पडे, म्हणून ही जोडीची बॅटरी. तिचा नवरा शिवदास सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा. "दोन बॅटऱ्यो! ट्रकाक पण एकच आसता गो," असे तो चिडवायचा.

वत्सला गेली. तिचा फोन रेश्माने हैदराबादला नेला, कारण आईने गायलेला पाळणा त्यात होता. पुढे फोनातली बॅटरी फुगली आणि तो बंद पडला. रेश्माला मुलगी झाली तेव्हा तिने वडिलांना सांगितले, "बाबा, बारशाक येताना ती दुसरी बॅटरी हाडा. आईचो पाळणो लावूया."

वत्सला मोलाची वस्तू नेहमी तांदळाच्या डब्यात ठेवी. शिवदासनेही तेच केले. लेकीसाठी घेतलेल्या उकड्या तांदळात मला पुरले आणि ती बॅग मोपाच्या विमानतळावर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात दिली.

थोड्याच वेळात त्याला बोलावणे आले. पेडण्याची पल्लवी तिथे सामान तपासायच्या कामाला होती.

"काका, तांदळात बॅटरी कित्याक?"

"बाय, कोकमाची सोलां घे, काजू घे. ती मात्र फेकू नको. तीत माझ्या बायलेचो आवाज आसा."

आवाज माझ्यात नव्हता, फोनात होता. पण माझ्याशिवाय तो निघणार नव्हता, हे खरे.

"फेकूक कोण सांगता? सुटी बॅटरी खाली सामानात पेटली तर कोणाक कळूचा नाय. वर तुमच्यावांगडा असली तर धूर दिसता, विझवूक येता. हातातल्या पिशवीत घेवा. पण ह्यो कडेच्यो धातूच्यो पट्ट्यो झाका. चावी, नाणा लागला तर ठिणगी उडता."

शिवदासने पिशवी चाचपली. वत्सलाचे टिकल्यांचे अर्धे पाकीट तो रेश्मासाठी नेत होता. त्यातली मोठी लाल टिकली काढून त्याने माझ्या पट्ट्यांवर दाबून बसवली.

पल्लवी खळखळून हसली. "टिकली निघतली, काका," म्हणत तिने वरून चिकटपट्टी लावली.

रांगेतून कोणी ओरडले, "व्हकल सजली, आता विमान सोडा!" व्हकल म्हणजे नवरी, आणि ती मीच!

शिवदासही हसला. वत्सला गेल्यावर मी त्याला पहिल्यांदाच हसताना ऐकले.

बारशाच्या दिवशी रेश्माने चिकटपट्टी सोडवली, मला फोनात बसवले. वत्सलाचा आवाज घरभर झाला. शिवदासने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि गाणे संपेपर्यंत सोडली नाही. जावयाने तो आवाज आपल्या फोनात उतरवून घेतला, आणि माझे काम झाले.

मित्रांनो, प्रवासात आम्हा सुट्या बॅटऱ्यांना आणि पॉवर बँकांना खालच्या सामानात टाकू नका. जवळ ठेवा, पट्ट्या झाका. मोठी बॅटरी असेल तर आधी विमान कंपनीला विचारा. फुगलेली तर नेऊच नका. आणि आम्ही थकलो की कचऱ्यात न फेकता जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे पोचवा.

मीही उद्या तिकडेच चालले आहे. माझी टिकली मात्र रेश्माने पाळण्याच्या दांडीला लावली आहे. छोटी वत्सला झोपेतून उठली की आधी तिच्याकडेच हात उडवते.