हातलावे सर

"चष्मा?" नर्सने यादीवरची नजर न उचलता विचारलं.

"आहे."

"घड्याळ? कवळी?"

"दोन्ही आहेत."

बाबांच्या वस्तूंच्या पिशवीची गाठ अजून सुटलेलीच नव्हती. हे तिच्या लक्षात आलं, तोवर नर्स पुढच्या रकान्यावर पोचली होती. "बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्यायचे ना वडील?"

"रोज. मीच विचारायचे फोनवर."

नर्सने 'नियमित' असं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शेजाऱ्यांनी दवाखान्यात आणलं तेव्हाच ते बेशुद्ध होते. मुलगी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

बाबांनी तिला आधी पिशवी उघडायला लावली असती.

ते सैन्यात वैमानिक होते. पुढे नव्या पोरांना विमान चालवायला शिकवू लागले. दोन जागांचं लहान विमान. पुढे शिकणारा, मागे ते. उड्डाणाआधी एकेका वस्तूचं नाव घ्यायचं, तिला हात लावायचा आणि मगच उत्तर द्यायचं, हा तिथला नियम. शिकाऊ पोराचे पट्टे तर शिकवणाऱ्याने स्वतः ओढून पाहायचे. एका दुपारी घाई होती. "बांधलेत सर," पोरगा म्हणाला आणि त्यांनी नुसती मान डोलावली. उतरताना टायर फुटला, विमान धावपट्टीबाहेर जाऊन उलटलं. त्यांचं खरचटण्यावर निभावलं. पोरगा वाचला नाही. त्याचा एक पट्टा अडकलेलाच नव्हता.

चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. राजीनामा त्यांनी आपणहून दिला आणि एका शाळेत गणित शिकवायला लागले.

शाळेत त्यांचं नाव पडलं हातलावे सर. नव्या मुलांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. कंपास आणलास? हात लावून सांग. वही? हात लाव. एकदा एका वात्रट मुलीने विचारलं, "सर, सूर्य पूर्वेला उगवतो. त्याला कुठं हात लावू?" वर्ग खिदळला. तेही हसले. "उद्या लवकर ऊठ, डोळे मीट आणि हळूहळू गोल फिर. दोन्ही गालांना सारखं ऊन लागलं की थांब. तुझं नाक असेल तिकडे पूर्व." दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा वर्ग शाळेच्या आवारात डोळे मिटून गिरक्या घेत होता.

घरीही तेच. सकाळी दारात उलटतपासणी व्हायची. "डबा?" "आहे." "हात लाव." आठवीत असताना ती एकदा वैतागली. "बाबा, मला डोळे आहेत."

"त्यालाही होते," ते म्हणाले आणि तिच्या दप्तराचा पट्टा ओढून पाहिला.

आई गेल्यावर ते एकटेच राहिले. ती दुसऱ्या गावात. नोकरी, मुलं, घर. रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि उलटतपासणी आता तिच्याकडे आली होती.

"गॅस?"

मग खुर्ची करकरायची, सपाता फटफट वाजत स्वयंपाकघरात जायच्या, परत यायच्या. "बंद."

"मागचं दार?"

पुन्हा सपाता. "लावलंय."

"गोळी?"

पुन्हा सपाता, आणि लांबवर डबीच्या झाकणाचा आवाज. "घेतली."

तीन प्रश्नांना दहा मिनिटं. फोन खांद्यात धरून ती भाजी चिरत राहायची. "बाबा, बसल्या जागेवरून सांगा ना. मी काय चौकशी समिती आहे?"

"बसल्या जागेवरून कुणीही सांगतं," ते म्हणायचे.

गेल्या महिन्या-दीड महिन्यात मात्र उत्तरं झटपट यायला लागली. गॅस? बंद. दार? लावलंय. गोळी? घेतली. मिनिटात काम उरकायचं. "ऐकतात हल्ली माझं," तिने नवऱ्याला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

दवाखान्यातून दुपारी ती बाबांच्या घरी आली. खुर्चीची उशी मधोमध दबलेली. खुर्चीला टेकवलेली काठी, पाण्याची बाटली, रेडिओ, बाहेरून येणारा जेवणाचा डबा. सगळं हाताच्या अंतरावर.

स्वयंपाकघरात जाऊन तिने गॅसच्या बटणाला हात लावला. बंद होतं, बोटांना धूळ लागली. मागच्या दाराची कडी नुसती लोंबत होती. फळीवर सात खणांची डबी होती. तिने एकेक झाकण उघडून खणात बोट घातलं. सातही भरलेले. दीड महिन्यापूर्वी आली होती, तेव्हा तिनेच भरून ठेवले होते.

खुर्चीपासून फळीपर्यंत पंधरा पावलं. त्यांचे गुडघे गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण फोनवरचा सपातांचा आवाज थांबला होता, आणि ते थांबणं तिने रोज ऐकलं होतं.

ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा मोबाइल वाजत होता. नवरा होता.

"पोचलीस घरी?"

"हं."

"काही खाल्लंस का?"

"खाईन."

"मी पोरांना घेऊन निघतोच आहे. एकटी आहेस, दारं नीट लावून घे. मागचं लावलंस का?"

तिने मोबाइल खुर्चीच्या हातावर ठेवला. खाली बाबांच्या सपाता होत्या. त्यात तिने पाय घातले. मोठ्या होत होत्या, फटफट वाजत होत्या. मागच्या दाराची कडी तिने अडकवली आणि तिच्यावर तळहात ठेवून उभी राहिली. मग परत आली.

"हॅलो? अगं, आहेस का? मला वाटलं फोन कट झाला."

"लावलंय," ती म्हणाली.