खिडकीतल्या एसीचं पाणी

चौबे कॉलोनीत माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सरोजिनीबाईंचं आणि माझं अकरा वर्षं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. माझ्या खिडकीतल्या एसीचं पाणी त्यांच्या अंगणात ठिबकायचं आणि तिथेच उन्हाळाभर त्यांच्या कुरडया वाळत. अंगणावर हिरवी जाळी बांधलेली, त्यामुळे मला खालचं काही दिसत नसे. आवाज मात्र खणखणीत यायचा.

"ओ प्रेमलाबाई! तुमच्या मशीनचं पाणी पडून राहिलं ना आमच्या कुरडयांवर!"

"मग उचला न कुरडया!" मी गॅलरीतून ओरडायची. "मशीन बंद करून गर्मीत मरू का मी?"

दर मार्चला सर्व्हिसिंगला येणारा इंद्रजीत फिल्टर धुऊन झाला की विचारायचा, "आंटीजी, पानी का पाइप लगा दूं?" मी नको म्हणायची. बाईंनी नीट शब्दांत सांगितलं असतं तर लावलाही असता. ओरडून सांगितलेलं मी माझ्या सासूचंही ऐकलं नाही.

यंदा कॉम्प्रेसर गेला. बंगलोरच्या माझ्या मुलाने, शिशिरने, तिथूनच नवा स्प्लिट एसी पाठवला. इंद्रजीतने बाहेरचं युनिट गच्चीवर बसवलं आणि पाण्याचा पाइप माझ्या बाथरूममध्ये सोडला. "अब नीचे एक बूंद नहीं गिरेगी," तो म्हणाला. मनात म्हटलं, बसा आता हात चोळत.

मे लागला. बाहेर चव्वेचाळीस, घरात गारेगार. एसीचा आवाज नाही आणि खालूनही नाही. पहिले चार दिवस मी जिंकल्याच्या थाटात दुपारची झोप काढली. मग लक्षात आलं, सकाळी दूधवाल्या भैयाला "आधा लीटर" म्हटलं की दिवसभर माझ्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही. शिशिरचा फोन रविवारी, तोही घाईत. हे गेल्यापासून मी एकटीच आहे, पण इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. उगाच गॅलरीत जाऊन खाकरून यायची. खाली सामसूम.

दहाव्या दिवशी राहवेना. चपला अडकवल्या आणि जिना उतरले. आता या बाई माझ्याशी बोलतील की नाही, याचीच धाकधूक होती.

सरोजिनीबाईंनी दार उघडलं. फारच वाळल्या होत्या. मागे अंगणात खाट भिंतीला उभी केलेली दिसली.

"यंदा कुरडया नाही घातल्या?" मी विचारलं.

"कोणासाठी घालू? पोट्टी लग्न होऊन हैदराबादले गेली, तेव्हापासून सोडलं. चार वर्षं झाले. एकट्या जिवाले किती लागते?"

"चार वर्षं? मग मागच्या साली कुरडया भिजल्या म्हणून काहून ओरडून राहिल्या होत्या माझ्यावर?"

त्यांनी पदराने खुर्ची पुसली आणि माझ्यापुढे सरकवली.

"तेवढ्यानं तुम्ही गॅलरीत येत होत्या ना," त्या म्हणाल्या.