पान नंबर तीन इच्छापुरला जातं

भाईदास आप्पांना आयुष्यात एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे गप्प बसणं. लालबागच्या त्यांच्या दुकानात पितळेची पट्टी आली, तांब्याची नळी गेली, कोणाच्या पंपाचा शाफ्ट तुटला, सगळं संध्याकाळपर्यंत अर्ध्या बुऱ्हाणपूरला मालूम. अशा माणसाच्या दुकानात विमानाच्या धातूची ऑर्डर आली, आता बोला!

ऑर्डर आणली होती त्यांच्या मुलीनं, पूर्णिमानं. डिप्लोमा करून सात वर्षं ती दुकान बघत होती आणि त्यातली दोन तिनं नाशिकच्या एका कंपनीच्या मागे घालवली होती. नमुने पाठव, तपासणीचे दाखले पाठव, परत नमुने पाठव. ही कंपनी विमानाचे भाग बनवायची. शेवटी मागच्या सोमवारी पत्र आलं. टायटॅनियमच्या सळया, दर महिन्याला, तीन वर्षं. पूर्णिमानं ते उभ्याउभ्या चार वेळा वाचलं आणि मग खुर्चीत बसून चक्क रडली. आजवर पॉवरलूमचे सुटे भाग विकत आलेलं दुकान, आणि त्याचा माल विमानात बसणार!

पत्राबरोबर पाच पानांचं स्पेसिफिकेशन आलं. कोणता धातू किती, किती तापवायचा, किती वेळात थंड करायचा, असा सगळा मामला. प्रत्येक पानावर नंबर आणि लाल शिक्का. हा मजकूर सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर जाता कामा नये, ही पहिली अट. झेरॉक्स नाही, फोटो नाही, दुकानामागच्या कुलपातल्या खोलीबाहेर एकही पान न्यायचं नाही. बघायची मुभा तिघांनाच : पूर्णिमा, सळया कापणारा जुना कारागीर लोटू, आणि मालक म्हणून आप्पा. तिघांनी यादीवर सह्या केल्या. आप्पांनी तर सहीखाली तारीख टाकून वर दोन बारीक टिंबं पण दिली, इतका आनंद.

शुक्रवारी दुपारी तीनला नाशिकहून कंपनीच्या सुनंदा मॅडम तपासणीला येणार होत्या. त्यांनी खोली बघायची, कागद मोजायचे आणि हो म्हणायचं. त्या नाही म्हणाल्या तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. म्हणून बारा वाजता पूर्णिमानं कपाट उघडून एकदा पानं मोजली. एक, दोन, चार, पाच.

तिनं परत मोजली. मग कपाट रिकामं केलं, मग कपाटाखाली वाकून बघितलं. मग अंगणात धावली.

"लोटूकाका, तीन नंबरचं पान?"

लोटू मशीन पुसत होता. "ते आप्पा घेऊन गेले ना, सकाळी नऊला. मालूबाई पण होत्या गाडीवर."

"कुठे?"

"इच्छापुरला. नव्या कामाचा कागद देवीच्या पायाशी ठेवून आणतात ना ते. आजचं आहे का? माझ्या समोर वीस वर्षं झाली."

"अहो, पण तीन नंबरचंच का?"

"तीन लकी आहे म्हणे," लोटू म्हणाला.

पूर्णिमानं कपाळाला हात लावला आणि फोन लावला. आप्पा खुशीत होते. "येऊन राहिलो गं, शाहपूर ओलांडलं. काय दर्शन झालं सांगू! पुजाऱ्यानं स्वतः कागद ठेवला पायाशी!"

"आप्पा, तो कागद कोणाला दाखवायचा नव्हता!"

"अगं, देवी काय परकी आहे?"

पंधरा मिनिटांनी स्कूटर दारात आली. आप्पांच्या कपाळावर मळवट, आई मालूबाईच्या हातात प्रसादाची पिशवी, आणि त्या पिशवीत, नारळाच्या बाजूला, पान नंबर तीन. कोपऱ्याला कुंकू लागलेलं, पण शाबूत. पूर्णिमानं ते छातीशी धरलं. वाचलो, ती मनात म्हणाली. कुंकवाचं सांगता येईल. खोलीबाहेर गेलं आणि परत आलं, एवढंच लिहावं लागेल.

तेवढ्यात मालूबाई म्हणाल्या, "आणि फोटो बघितलास का? मी ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडलेत."

घरच्या लोकांचा ग्रुप, त्रेचाळीस माणसं, सकाळ-संध्याकाळ फुलांचे फोटो येतात म्हणून तिनं तो कधीचाच आवाज बंद करून ठेवलेला. तिनं उघडला. आप्पा दोन्ही हातांनी कागद उंच धरून उभे, मागे मंदिराच्या पायऱ्या, आणि ऊन इतकं झकास की बोटांनी फोटो मोठा केला तर आकडान् आकडा वाचता येत होता. तापमानसुद्धा. मिनिटंसुद्धा.

फोटोखाली पहिलं उत्तर होतं आत्याच्या मुलाचं, रितेशचं. तो जर्मनीत इंजिनिअर. "मामा, क्या बात है! हा तर विमानाचा ग्रेड दिसतोय. कोणता पार्ट?"

म्हणजे झालं. ज्या कागदानं देशाबाहेर जायचं नाही, तो चहा पिता पिता जर्मनीत पोचला होता, आणि तिथं तो वाचताही येत होता!

"पुसून टाक की मग," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. मालूबाईच्या फोनवरून पूर्णिमानं फोटो सगळ्यांसाठी पुसला. मग रितेशला फोन केला. तो घाबरून म्हणाला, "ताई, मी आत्ताच्या आत्ता उडवतो. कोणाला पाठवला नाही, आईशपथ." उरलेल्यांपैकी एकतीस जणांनी फोटो बघितला होता. फोनमध्ये उतरलेला फोटो पुसायला सांगत त्यांनाही एकेक करून फोन लावत ती बसली. मोतीलाल काकांना तर फोटो कसा पुसायचा हेच येत नव्हतं, त्यांना सातदा सांगावं लागलं.

अडीच वाजले. मालूबाई प्रसाद घेऊन घरी गेल्या.

आप्पांनी दार लोटून घेतलं. "बेटा, आता फोटो कुठेच नाही. कागद कपाटात आहे. कुंकू खोडरबरानं जातं. कोण विचारतंय? त्या बाई येतील, पाच पानं मोजतील, चहा घेतील, जातील."

"आणि त्यांच्या तपासणीच्या फॉर्मवर मला सही करायची आहे आप्पा. परवानगी नसलेल्या कोणीही हे कागद बघितलेले नाहीत, असं लिहिलंय वर."

"मग कर सही! तुझी दोन वर्षं गं!"

खरंच तिची दोन वर्षं. पूर्णिमाला आप्पांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि त्यांचा चेहरा इतका पडलेला होता की न बघता राहवतही नव्हतं. तिनं नोंदवही ओढली आणि लिहायला लागली. आप्पा मागून वाचत होते. किती वाजता पान बाहेर गेलं, कोणी नेलं, फोटो कधी पडला, किती जणांनी बघितला, जर्मनीत कोणी. "कोणी नेलं" इथे पेन जरा थांबलं. मग तिनं वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं.

सुनंदा मॅडम बरोबर तीनला आल्या. बारीक, चष्मेवाल्या, पाणीसुद्धा नंतर म्हणणाऱ्या. त्यांनी पानं मोजायच्या आधीच पूर्णिमानं वही पुढे सरकवली. "मॅडम, आधी हे वाचा."

मॅडमनी वाचलं. परत वाचलं. मग कुंकू लागलेलं पान उजेडात धरून बघितलं. "रितेशचं लेखी घ्या, आत्ता, ईमेलवर," एवढंच म्हणाल्या आणि फोन घेऊन अंगणात गेल्या. काचेतून त्या येरझाऱ्या घालताना दिसत होत्या. आप्पा स्टुलावर बसले होते, आणि काय सांगू, बोलत नव्हते! वीस मिनिटं हा माणूस एक शब्द बोलला नाही.

मॅडम आत आल्या. "हे आम्हाला दिल्लीत सरकारला कळवावं लागेल. चौकशी होईल, तुम्हालाही प्रश्न येतील. तुमचं काम निदान तीन आठवडे थांबेल."

"आणि ऑर्डर?"

"ऑर्डर तुमचीच आहे." मॅडमनी चष्मा काढला. "फोटो पडल्यापासून पाच तासांच्या आत पुरवठादारानं स्वतःहून कळवलं, याची आमच्या साहेबांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. हेच मी शोधून काढलं असतं ना, तर ऑर्डर रद्द करून आत्ता गाडीत बसले असते." मग त्या आप्पांकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पण एक करावं लागेल. ज्यांनी कागद नेला त्यांचं नाव यादीतून जाणार. या खोलीत त्यांना यापुढे येता येणार नाही. मालक असले तरी."

पूर्णिमानं यादी काढली, पण तिचा हात काही केल्या पुढे जाईना. बत्तीस वर्षांपूर्वी ही खोली आप्पांनी स्वतः विटा वाहून बांधली होती.

आप्पा उठले. टेबलाच्या खणातून त्यांनी स्टीलची पट्टी काढली आणि लेकीपुढे ठेवली. "पट्टी लावून मार रेघ. हा कागद नाशिकला जाणार. वाकडी रेघ गेली तर म्हणतील, बुऱ्हाणपूरवाल्यांना सरळ कापता येत नाही."

पूर्णिमानं पट्टी लावली आणि रेघ मारली. तिचे डोळे भरून आले होते, पण रेघ सरळ आली. आप्पांनी ती वाकून नीट बघितली, मान डोलावली, आणि खोलीबाहेर जाऊन आपल्या हातानं दार ओढून घेतलं.

मग बाहेरून त्यांचा आवाज आला, अख्ख्या लालबागला ऐकू जाईल असा. ते घरी फोन करत होते. "मालू! ऑर्डर राहिली गं, राहिली! आपल्या पोरीनं राखली! अगं, विमानात कुठे बसतं ते मला काय विचारतेस? मला नाही सांगत ते लोक! आणि ऐक, मला आता कोणी काही सांगायचंच नाही, असा नियम आहे!"