हलगीला खुर्ची

सणसरच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मेघनाचा नाच चार मिनिटांचा होता. दीड मिनिट झालं नाही तोच बारामतीहून भाड्यानं आणलेल्या टेपमध्ये कॅसेट गुंतली. गाण्याचा आधी रडका सूर निघाला, मग खरखर, मग काहीच नाही. पाचही पोरी हात वर करून तशाच उभ्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

तिसऱ्या रांगेत ज्ञानू बसला होता. त्याची लेक मेघना थेट त्याच्याकडेच बघत होती. का बघतेय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

ती कॅसेट त्याच्या थोरल्या पोरानं, बुद्धघोषनं, दिवाळीत पुण्याहून आणलेली. वसतिगृहातल्या काँगोच्या मित्रानं दिली होती. कव्हरवर कडक इस्त्रीच्या सुटातला माणूस, मांडीत ढोल.

"आबा, प्यारिस-लंडनात आता ह्येच चालतंय," पोरगं सांगत होतं. "जपानात बी. तिकिटाला रांगा लागत्यात."

ज्ञानूनं एवढंच विचारलं, "वाजवणारा बसतो कुठं?"

"कुठं म्हंजी? मंचावर. मधोमध."

ज्ञानूनं कव्हर खाली ठेवलं. पण महिनाभर पोरी अंगणात त्या गाण्यावर नाचत राहिल्या आणि ह्याची बोटं खाटेच्या कडेवर चालत राहिली. चोरून. मेघनानं ते हेरलं होतं. कार्टी कुणाची!

चोरून, कारण घरात हलगीला बंदी होती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर ज्ञानूच्या बापानं गावकीची हलगी कालव्यात सोडून दिली. लोकांच्या दारात चपला काढून उभ्यानं वाजवायची आणि पंगत उठल्यावर उरलंसुरलं खायचं, झालं तेवढं पुरे. "पुन्हा हातात धरलीस तर तू माझा न्हाईस," असं त्यानं बारा वर्षांच्या ज्ञानूला बजावलं होतं. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. बाप गेला, शब्द राहिला.

लेझीमवाला सिद्धू हलगी घेऊन धावला, पण त्याला लेझीमचाच ठेका येई. पोरींचे पाय जुळेनात. लोक खो खो हसायला लागले. मेघनाचा ओठ थरथरला, आणि ज्ञानू कधी उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

हलगी सैल होती. मंचामागं वर्तमानपत्र पेटवून त्यानं कातडं शेकलं.

"वा, ज्ञानूराव!" रामहरी सर धावत आले. "इथं खाली, पायरीपाशी उभं राहा. माइक देतो."

सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. हलगीवाला पायरीपाशीच उभा राहतो, एवढंच त्यांना माहीत.

"खुर्ची द्या," ज्ञानू म्हणाला. "वर, मधोमध. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

माइक चालूच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. वर खुर्च्या पाच, सरपंच धरून पाहुणेही पाच. कुणी हलेना. लेकीचा नाच आपणच बुडवतोय, हे ज्ञानूला कळत होतं. तरी तो पायरीपाशी गेला नाही.

मेघना चालत सरपंचांपुढं गेली. "दादासो काका, जरा उठता का?"

दादासोंचा चेहरा लाल झाला. पण भर गावापुढं करतात काय! उठले, खाली उतरले.

ज्ञानू चपलांसकट खुर्चीत बसला. पहिले दोन ठोके चुकले. तिसऱ्याला काँगोचा ठेका लागला आणि पोरींचे पाय त्यात बरोबर पडले. शिट्टी मारणारे टाळ्यांनी ताल धरायला लागले. ज्ञानूला रडू येत होतं आणि हात थांबत नव्हते.

शेवटी शेवटी दादासोंनी पायरीवरून दहाची नोट ओवाळून टाकली. जुनी रीतच ती. नोट ज्ञानूच्या चपलेपाशी पडली. त्यानं नाच संपेपर्यंत तिच्याकडं बघितलं नाही.

"घे की ज्ञानू, बक्षीस हाय," दादासो म्हणाले.

"उचला, दादासो," ज्ञानू बसूनच म्हणाला. "ह्या वाजवण्याला लोक रांगंत उभं ऱ्हाऊन तिकीट काढत्यात. तुमी आज फुकट ऐकलंय."

कुणी हसलं नाही. दादासोंनी वाकून नोट उचलली.